आफ्रिकेचं सागवान

भगवान घरतला आपलं काम लोकांना समजावून सांगताना नेहमी पंचाईत व्हायची. लग्नकार्यात कोणी विचारलं की काय करता, तर तो म्हणायचा, कंटेनरला गॅस मारतो. समोरचा हसायचा. मग भगवानला सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. परदेशातून लाकूड येतं, कडधान्य येतं, रोपं येतात, आणि त्यांच्याबरोबर तिकडचे किडेही येतात. असा एखादा किडा इथल्या रानात शिरला तर त्याला खाणारं इथे कोणी नसतं, तो झाडामागून झाड पोखरत जातो. म्हणून बंदरात माल उतरला की क्वारंटाइन खात्याचे अधिकारी तो तपासतात. जिवंत किडा सापडला की माल अडतो. मग गॅस मारून आतलं सगळं मारायचं आणि नंतरच माल सोडायचा.

"सगळं म्हणजे?" असं कोणी विचारलंच तर भगवान म्हणायचा, "सगळं म्हणजे सगळं. किडा, उंदीर, माणूस. गॅसला काय कळतंय."

पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्याला कंटेनरची यार्डं आहेत. त्यातल्या एका यार्डात एक खासगी कंपनी हे काम करायची. भगवान तिथे सुपरवायझर होता. वडिलांची मिठागरं आणि भाताची जमीन बंदराच्या प्रकल्पात गेली तेव्हा तो तरुण होता. यार्डात आधी हमाल म्हणून लागला, मग गॅसचं शिक्षण घेऊन परवाना मिळवला. कामात तो इतका कडक होता की पोरं पाठीमागे त्याची नक्कल करायची. गॅस सोडला की दाराच्या फटी टेपने बंद करायच्या, दारावर कवटीचं चित्र असलेला लाल बोर्ड लावायचा, ठरलेला वेळ भरला की दारं उघडून वारा लागू द्यायचा आणि शेवटी हवेतला गॅस मोजायचं मीटर आत धरून बघायचं. मीटरने होकार दिल्याशिवाय भगवान बोर्डाला हात लावू द्यायचा नाही. या गॅसला वास नाही, रंग नाही. तो छातीत गेला तरी माणसाला लगेच काही होत नाही. काही तासांनी होतं, आणि तेव्हा त्याला उतारा नसतो.

हृतिक त्याचा एकुलता मुलगा. तो ट्रेलर चालवायचा आणि बऱ्याचदा याच यार्डातले कंटेनर गोडाऊनला पोचवायचा. मधली काही वर्षं तो फार प्यायला. दुपारीच झोकांड्या खात घरी यायचा, ओट्यावर पडायचा, उठवायला गेलं की शपथेवर सांगायचा की थेंबही घेतला नाही. भगवानने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. एका घरात राहून बाप-लेकाचे निरोप भामाच्या, म्हणजे हृतिकच्या आईच्या, तोंडून जायचे. मग हृतिकला मुलगी झाली आणि त्याने दारू सोडली. देवापुढे शपथ घेतली नाही की कोणाला सांगितलं नाही, नुसती सोडली. भगवानला विश्वास ठेवायला वर्ष लागलं. हळूहळू दोघं बोलायला लागले, तेही कामाचंच. कुठल्या यार्डात कसा माल आलाय, कुठे रस्ता खोदलाय. भगवानने त्याला एक गोष्ट पढवून ठेवली होती. लाल बोर्ड दिसला की त्या कंटेनरच्या जवळ उभंसुद्धा राहायचं नाही. बोर्ड नसला तर समजायचं की मीटर लावून बघितलेलं आहे.

चैत्रातल्या एका गुरुवारी नियाज मुकादमचा कंटेनर तपासणीला लागला. नियाज पनवेलचा लाकडाचा व्यापारी. त्याच्या वडिलांची बाजारात जळाऊ लाकडाची वखार होती. नियाजने ती बंद करून पळस्प्याच्या बाजूला मोठं गोडाऊन घेतलं आणि आफ्रिकेतून सागवानाचे ओंडके मागवायला सुरुवात केली. खारघरच्या एका नव्या इमारतीच्या दरवाजांचं काम त्याच्याकडे होतं आणि सुतार हातावर हात धरून बसले होते.

क्वारंटाइनच्या प्रांजल मॅडमनी एका ओंडक्याची साल चाकूने उचकटली. आतून पिठासारखा भुसा गळला. मॅडमनी चाकूचं टोक आणखी आत घातलं आणि एक पांढरी अळी तळहातावर काढून घेतली. अळी वळवळत होती. निघताना तिकडे गॅस मारल्याचा दाखला मालासोबत होता, पण अळी जिवंत होती म्हणजे त्या दाखल्याला अर्थ नव्हता. मॅडमनी माल अडवला आणि पुन्हा गॅस मारायला सांगितलं.

भगवानने त्याच दिवशी स्वतः उभं राहून गॅस सोडला, टेप लावली, बोर्ड लावला. नियाज शेजारी रुमालाने मान पुसत उभा होता. त्याने विचारलं, उद्या मिळेल का. भगवानने सांगितलं की उद्या संध्याकाळपर्यंत दारं बंदच राहतील, रात्रभर वारा लागेल, परवा सकाळी मीटर लावून माल सोडू. नियाजने मान हलवली. तो वाईट माणूस नव्हता, भगवानशी नेहमी अदबीने बोलायचा. पण तिथून तो सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. मॅनेजर देवेश खारघरला राहणारा, तिशीतला, गोड बोलणारा माणूस. भगवानने काचेतून दोघांना बोलताना बघितलं आणि दुर्लक्ष केलं. बोलून वेळ थोडीच कमी होणार होती.

शुक्रवारी भगवान रजेवर होता. त्याची बहीण हौसा आपट्याला दिलेली. तिच्या नवऱ्याचं त्या दिवशी दहावं होतं. भगवान आणि भामा सकाळीच निघाले आणि पाताळगंगेच्या काठावर विधी उरकेपर्यंत तिथेच थांबले.

त्या वेळात यार्डात काय झालं ते नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. नियाजचे सकाळपासून फोन येत होते. देवेशने शेवटी एका कामगाराला सांगितलं की टेप काढ, दारं थोडा वेळ उघडी ठेव आणि गाडीवर चढव. कामगार म्हणाला, भगवानदादाला विचारू का. देवेश म्हणाला, काकांना दुःखात कशाला त्रास देतोस. बोर्ड काढून ऑफिसच्या मागे टाकला गेला. कोणी मीटर लावलं नाही. ट्रेलर हृतिकचा होता.

तो नियाजच्या गोडाऊनला पोचला तेव्हा जुम्म्याची नमाज चालू होती. नियाज आणि त्याची सगळी माणसं मशिदीत गेलेली. गेटवरच्या वॉचमनने त्याला आत घेतलं आणि थांबायला सांगितलं. ऊन असं होतं की पत्र्याला हात लावला तर भाजावं. हृतिकने विचार केला असेल की माणसं येईपर्यंत दोर तरी सोडून ठेवू. बोर्ड नव्हता, टेप नव्हती. त्याने दारं उघडली, आत चढून ओंडक्यांचे दोर सोडले आणि मग दाराशीच ओंडक्यांच्या सावलीत बसून डबा खाल्ला. बाहेरच्या उन्हापेक्षा तिथे बरं वाटत असावं. तिथेच थोडा वेळ डोळा लागला.

नमाज आटोपून माणसं परतली तेव्हा तो खाली उतरलेला होता. डोकं दुखतंय म्हणाला. नियाजने त्याला पाणी दिलं आणि उन्हाने झालं असेल, घरी जाऊन पड, असं सांगितलं. आपली माणसंही उन्हातून चालत आलीत, माल उद्या सकाळी उतरवू, असं ठरवून त्याने कंटेनरची दारं लोटून घेतली. त्यामुळे त्याची माणसं वाचली. ट्रेलर तिथेच ठेवून हृतिक वॉचमनची बाइक घेऊन घरी निघाला.

घरी निशाने, हृतिकच्या बायकोने, बाइकचा आवाज ऐकला आणि पाठोपाठ बाइक पडल्याचा आवाज. ती बाहेर आली तर हृतिक भिंतीला धरून येत होता. पाय एकीकडे पडत होते, धड दुसरीकडे चाललं होतं. ओट्याशी येऊन तो ओकला. तिने विचारलं तर म्हणाला, दोन दोन दिसतंय. जीभ जड झाली होती. शेजारच्या कमळाबाई दारातून बघत होत्या. त्यांनी विचारलं, काय गं, काय झालं. निशा म्हणाली, "काय व्हायचंय. परत सुरू झालंय." आणि ती आत जाऊन पोरीला घेऊन बसली. तो ओट्यावर पडून राहिला. एकदोनदा त्याने तिला हाक मारली. तिने ओ दिली नाही.

भगवान आणि भामा आपट्याहून आले ते दुपार कलल्यावर. रिक्षातून उतरतानाच भगवानला पडलेली बाइक दिसली, ओकारी दिसली, ओट्यावर आडवा पोरगा दिसला. दिवसभर बहिणीचं रडणं ऐकून त्याचं डोकं आधीच जड झालं होतं. हृतिकने बापाला बघितलं आणि भिंत धरून उठायला बघितलं.

"बाबा, मी नाय प्यालो," तो म्हणाला. शब्द तोंडात घोळून आले.

"मयताच्या घरून येतोय मी," भगवान म्हणाला. "आज तरी लाज ठेवायची होतीस."

तो मागच्या दारी अंघोळीला गेला. दहाव्याला जाऊन आल्यावर अंघोळ केल्याशिवाय घरात शिरायचं नव्हतं. रागाच्या भरात त्याने तांब्यामागून तांब्या अंगावर ओतला. पोरं बिघडतात, सुधारतात, पुन्हा बिघडतात, आणि बापाने किती वेळा नव्याने सुरुवात करायची, असं काहीतरी त्याच्या मनात चाललं होतं. तो घाईने आला नाही. कपडे बदलले, देवापुढे हात जोडले.

बाहेर आला तेव्हा भामा हृतिकचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती वाकून त्याच्या तोंडाशी नाक नेत होती.

"वास नाय येत याच्या तोंडाला," ती म्हणाली.

भगवान म्हणाला, हल्ली वास न येणारी मिळते. हे बोलता बोलता त्याची नजर हृतिकच्या हाताकडे गेली. हात जमिनीवर पडलेला होता आणि बोटं आपोआप उडत होती, एकेक करून, जणू कोणी आतून दोरी ओढत असावं. भगवान जागच्या जागी थांबला. असे हात त्याने एकदाच बघितले होते, फार वर्षांपूर्वी, दुसऱ्या यार्डातल्या एका मजुराचे. तो मजूर बाकीच्यांचं ऐकून वेळेआधी आत गेला होता.

तो हृतिकच्या शेजारी खाली बसला.

"आज माल कोणाचा नेलास?"

"नियाजशेठ," हृतिक म्हणाला.

"लाकूड? सागवान?"

हृतिकने मान हलवली.

"आणि बोर्ड? दारावर बोर्ड होता का?"

"नव्हता, बाबा. टेप पण नव्हती." तो डोळे उघडायचा प्रयत्न करत होता. "मी बघितला ना. नव्हता."

भगवानने हाक मारून शेजारचा गाडीवाला बोलावला. चौघांनी उचलून हृतिकला मागच्या सीटवर ठेवलं. निशा पायात चप्पल न घालता गाडीत बसली, पोरगी कमळाबाईंच्या कडेवर देऊन. भगवानने वाटेतून यार्डात फोन लावला. ज्या कामगाराने टेप काढली होती त्याने फोन उचलला आणि काही न विचारता रडायला लागला. पनवेलच्या पुलाखाली गाड्यांची रांग होती. तिथेच हृतिकला पहिला झटका आला. निशाने त्याचे दात एकमेकांवर आपटताना ऐकले आणि ती नवऱ्याचं नाव घेऊन हाका मारायला लागली. आतापर्यंत तिने त्याला नावाने कधीच हाक मारली नव्हती.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी सवयीने विचारलं, किती घेतली आहे यांनी. भगवान म्हणाला, दारू नाही, मिथाइल ब्रोमाइड, आणि गॅसच्या सिलिंडरवर लिहिलेलं असतं तसं सगळं त्यांना सांगितलं. डॉक्टरांनी ते नाव लिहून घेतलं, मोठ्या डॉक्टरांना फोन केला, ऑक्सिजन लावला, झटके थांबवायची औषधं दिली. जे करता येण्यासारखं होतं ते त्यांनी केलं. नंतर बाहेर येऊन त्या म्हणाल्या की या गॅसवर उतारा असा नसतो, शरीराने टिकून राहायचं असतं. भगवान म्हणाला, मला माहीत आहे. हे वाक्य त्याने यार्डात किती पोरांना ऐकवलं असेल. झटके थांबले नाहीत. दिवेलागणीच्या सुमाराला हृतिक गेला. त्याला सत्तावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

देवेश घरी आला तो अंत्यविधीनंतर. पांढरा शर्ट घालून आला, भामाच्या पाया पडला. मग भगवानला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगायला लागला की कंपनी घरच्यांना वाऱ्यावर सोडणार नाही. फक्त एक करायला हवं. पोलिसांत गॅसचा विषय वाढवू नये, कारण परवाना गेला तर सगळ्याच कामगारांच्या पोटावर पाय येईल. शिवाय हृतिकला पूर्वी सवय होती हे सगळ्यांना माहीत आहे, उन्हात पिऊन गाडी चालवली तर फिट येऊ शकते. हे तो अगदी हळुवार बोलला. भगवानने त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"बोर्ड कुठे टाकलाय?" त्याने विचारलं.

 देवेश उठून गेला.

पोलीस ठाण्यात गेल्यावर भगवानला कळलं की देवेशला हे सुचायचं कारण काय. पोलीस आदल्या दिवशी गावात येऊन शेजारीपाजारी विचारून गेले होते. कमळाबाईंनी जे ऐकलं तेच सांगितलं होतं. बायको स्वतः म्हणाली की परत सुरू झालंय. बाप म्हणाला की लाज ठेवायची होतीस. कमळाबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्या दुपारी निशाने आणि भगवानने जे तोंडातून काढलं होतं, तेच आता हृतिकच्या विरुद्ध लिहिलं गेलं होतं. हॉस्पिटलच्या कागदावर गॅसचं नाव होतं, पण ते बापाने सांगितलेलं म्हणून पोलीस धरत नव्हते. रक्त तपासायला पाठवलं होतं, पण त्याचा निकाल यायला कित्येक महिने लागतात, असं हवालदाराने सांगितलं. तोपर्यंत कागदावर हृतिक दारूडाच राहणार होता.

घरी येऊन भगवानने हे फक्त निशाला सांगितलं. भामाला सांगायची हिंमत झाली नाही. निशा चुलीपुढे बसली होती. त्या रात्रीपासून ती धड जेवेनाशी झाली.

भगवान नियाजच्या गोडाऊनला गेला. नियाजने इतके दिवस फोन उचलला नव्हता, मयतालाही आला नव्हता. कंटेनर तिथेच होता. त्याच्यापासून लांब दोर बांधून ठेवला होता आणि कोणी कामगार त्या बाजूला फिरकत नव्हता. नियाज ऑफिसच्या पायरीवर बसला होता. त्याने भगवानला बघितलं आणि उठायला गेला, पण पुन्हा खाली बसला.

"भगवानभाऊ, अल्ला गवाह आहे, मी फक्त लवकर करा म्हणालो," तो म्हणाला. "दारं उघडा असं माझ्या तोंडून निघालं नाही."

"किती वेळा म्हणालात?"

 नियाज म्हणाला की फोन मोजले नाहीत.

भगवान त्याच्या शेजारी पायरीवर बसला.  त्याने एवढंच सांगितलं की पोलिसांच्या कागदावर माझा पोरगा पिऊन मेलाय. त्या दिवशी तुम्ही त्याला पाणी दिलंत, तुम्ही त्याच्यासमोर उभे होतात, तो प्यालेला होता की नव्हता हे तुम्हाला माहीत आहे. नियाजने समोरच्या कंटेनरकडे बघितलं. त्याने जबाब दिला तर त्याचाही माल जाणार होता, कदाचित आयातीचा परवानाही. वकिलाने त्याला गप्प बसायला सांगितलं होतं. हे सगळं त्याने भगवानला सांगितलं, काही लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पोलीस ठाण्यात गेला. गोडाऊनच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्याने दिलं. त्यात हृतिक बोर्ड नसलेली दारं उघडताना, आत चढताना, मग दाराशी बसून डबा खाताना दिसत होता. स्वतःचे फोनही नियाजने कबूल केले. त्याच्या जबाबावरून देवेशला अटक झाली. महिनाभरात तो जामिनावर सुटला. कंपनीचा परवाना थांबवला, पण तीच माणसं वेगळ्या नावाने दुसऱ्या यार्डात काम करायला लागली. नियाजची आयात बंद पडली. खारघरचं काम दुसऱ्या कोणी घेतलं.

कंटेनरचा प्रश्न मात्र उरला होता. प्रांजल मॅडम पुन्हा आल्या. गॅस पूर्ण वेळ न राहिल्यामुळे माल साफ धरता येत नव्हता. त्यांनी मीटर लावून, तोंडाला मास्क बांधून दोनतीन ओंडके तपासले. एका ओंडक्यात, सालीपासून खोल, अळ्या जिवंत होत्या. काही तर मोठ्या झाल्या होत्या, पंख फुटायच्या बेतात. मॅडमनी ते भगवानला सांगितलं. कंटेनर इथून हलवला तर किडा वाटेत उडून रानात जाऊ शकतो, म्हणून तो जागेवरच झाकून पुन्हा गॅस मारायचा होता. दुसऱ्या कंपनीची पोरं आली, पण तो कंटेनर कुठला हे कळल्यावर हात लावायला तयार होईनात.

भगवानने ते काम अंगावर घेतलं. भामा त्याला नको नको म्हणत होती. तो म्हणाला, दुसरं कोणी केलं तर मला झोप लागायची नाही. त्याने कंटेनरवर जाड प्लास्टिक टाकलं, कडेने वाळूची पोती लावली, गॅस सोडला आणि लांब खुर्ची टाकून बसला. दुपारी नियाज घरून जेवण घेऊन आला आणि न बोलता शेजारी ठेवून गेला. भगवान त्या प्लास्टिककडे बघत होता. आत अळ्या मरत होत्या. ज्या गॅसने त्याच्या पोराला मारलं तो या किड्यांना पुरला नव्हता, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. वेळ पुरी झाली, वारा लागला. त्याने मीटर तीन ठिकाणी धरून बघितलं, मग पुन्हा तीन ठिकाणी. मॅडमनी ओंडके फोडून तपासले. सगळं मेलेलं होतं. तो माल पुढे कोणी विकत घेतला नाही. अजूनही गोडाऊनच्या कोपऱ्यात पडून आहे.

रक्ताचा निकाल पावसाळा सरल्यावर आला. त्यात दारूचा अंश नव्हता, ब्रोमाइड भरपूर होतं. हवालदाराने तो वाचून दाखवला तेव्हा भगवान आणि निशा समोर बसले होते. हवालदार म्हणाला, आता केस मजबूत आहे. केस पनवेलच्या कोर्टात लागली आणि तारखा पडायला लागल्या.

घरी येताना दोघं एसटी स्टँडपर्यंत चालत आले. बाजारात दिवाळीचे कंदील लागले होते. स्टँडवर बाकड्यावर बसल्यावर निशाने विचारलं. हा प्रश्न तिने इतके महिने धरून ठेवला होता हे भगवानला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"बाबा, खरं सांगा. मी त्यांना तेव्हाच हॉस्पिटलात नेलं असतं तर वाचले असते का?"

भगवानला त्या तरुण डॉक्टर आठवल्या. त्याने त्यांना हेच विचारलं होतं, नंतर एकदा एकट्याने जाऊन. त्या म्हणाल्या होत्या की खात्रीने सांगता येत नाही, पण आधीचे तास महत्त्वाचे असतात. मागच्या दारी तांब्यामागून तांब्या ओतत घालवलेला वेळही त्याने त्यांना सांगितला होता. 

"नाय," तो म्हणाला. "तो घरी आला तेव्हाच गेलेला होता. तू काय बी केलं असतंस तरी नाय."

"नक्की?"

"मी गॅसमध्येच जन्म काढलाय, पोरी. नक्की."

निशाने पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. हृतिक गेल्यापासून ती एवढी मोकळी रडली नव्हती. माणसं वळून बघत होती. भगवान तिच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसून राहिला. गाडी लागली, लोक चढले, तरी त्याने तिला उठवलं नाही. पुढच्या गाडीने दोघं घरी गेले. तिने त्या संध्याकाळी सगळ्यांसाठी भाकऱ्या थापल्या आणि पोरीला भरवता भरवता स्वतःही जेवली. भगवानने पानावर बसून दोन घास खाल्ले आणि पाणी पिऊन उठला.